'किनारा सफाई म्हणजे कंपन्यांची फुकट हमाली' म्हणणाऱ्यांना उत्तर

खारजमीन:
काल एक पोस्ट फिरत होती. किनारा सफाईला जाणारे म्हणजे प्लास्टिक कंपन्यांचे बिनपगारी हमाल, कंपन्या माल विकून मोकळ्या आणि आपण पोती भरून धन्य, असं त्यात म्हटलं होतं. शेवटी 'त्यापेक्षा घरी झोपा' असा सल्लाही होता. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सफाई म्हणजे नुसतं उचलणं, हा समजच चूक आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा यांनी लोक जमवले, तेव्हा पहिल्याच सफाईत काय सापडलं, किती सापडलं, हे लिहून घेतलं. दर सप्टेंबरात जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई त्यातूनच उभी राहिली. नोंदींनी काय होतं म्हणता? युरोपीय संघाने २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर कायदा केला, तेव्हा कोणत्या वस्तूंना हात घालायचा हे किनाऱ्यांवरच्या मोजणीवरून ठरलं. सर्वात जास्त सापडणाऱ्या दहा वस्तू आधी धरल्या. कान साफ करायच्या प्लास्टिकच्या काड्या, स्ट्रॉ, चमचे-काटे यांच्या विक्रीवर २०२१ पासून तिथे बंदी आली. ती मोजणी कुणीतरी वाळूत वाकूनच केली होती. घरी झोपून झाली नव्हती.

सडेतोड:
ती पोस्ट माझी नाही, पण मला शब्दन् शब्द पटली. २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन होतं, असा अंदाज २०१५ च्या अभ्यासात आहे. त्यापुढे तुमची पोती किती? पॅसिफिकमधलं हेंडरसन बेट बघा. तिथे माणूस राहत नाही, तरी सुमारे पावणेचार कोटी तुकडे असल्याचा अंदाज २०१७ मध्ये छापून आला. कितीही उचला, पुढची भरती आणून टाकणारच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

आणि खरं सांगू? मी गेलो होतो. बॅनर, टोप्या, भाषण, फोटो, मग तासभर काम. भरलेली पोती तिथेच ठेवून सगळे निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कुत्र्यांनी अर्धी फाडलेली आणि पाणी पोत्यांपर्यंत आलेलं. कचरा वाळूत विखुरलेला होता तो आता एका जागी ढीग होऊन समुद्रात चालला होता. ज्यांनी बोलावलं त्यांना फोन केला तर म्हणाले, 'उचलायचं काम आमचं नाही.'

पुळण:
पोत्यांचं राहू द्या, त्या पोत्यांत काय भरता ते आधी बोला. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो दाताळं घेऊन येणाऱ्यांचा. भरतीच्या रेषेवर साचलेलं शेवाळ, गवत, काटक्या सगळं सरसकट ओढून पोत्यात! तो कचरा नाही. एकदा ओला गठ्ठा हलकेच उचलून खाली बघा. तांदळाएवढे, बाक आलेले, पारदर्शक जीव टणाटण उड्या मारत सुटतात. ते शेवाळ खातात, त्यांना छोटे पक्षी खातात. त्याच पाल्यात वाऱ्याची वाळू अडते, बिया रुजतात आणि वाळूचे उंचवटे धरू लागतात. किनारा झाडून गुळगुळीत केला की हे सगळं संपलं.

टापटीप:
पुस्तकात वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात ते कुजतं, माशा घोंगावतात, वासाने तिथे उभं राहवत नाही. लोकांनी किनाऱ्यावर यायचं की नाही? आणि शेवाळात प्लास्टिकचे दोरे असे गुंततात की वेगळे करता येत नाहीत. आमच्या गटात वयस्कर माणसं असतात, ती काय एकेक धागा निवडत बसणार?

पुळण:
हो, निवडत बसायचं. गठ्ठा झटकायचा, दोरे ओढून काढायचे, कात्रीने कापायचे, शेवाळ परत तिथेच टाकायचं. वेळ लागतो, लागू दे. तुम्हाला वास सहन होत नाही म्हणून पक्ष्यांनी उपाशी मरायचं का?

टापटीप:
आवाज खाली. मी कित्येक वर्षं स्वतःच्या हातांनी सुया आणि काचा उचलल्या आहेत. तुम्ही किती वेळा आलात?

पुळण:
दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर जाते, एकटी, बॅनर न लावता. यंत्र फिरवणारे तर आणखी वाईट. वरची वाळू चाळून काढतात, त्यात कासवाचं घरटं असलं तर अंड्यांवरून चाकं जातात. विणीच्या काळात अवजड काही आणायचंच नाही, हा साधा नियमही पाळत नाहीत लोक.

टापटीप:
यंत्राचं मान्य. आम्हीही यंत्र लावत नाही. पण दाताळ्याशिवाय बाटल्यांची बुचं, सिगारेटची थोटकं निघतच नाहीत. थोटूक दिसतं कागदी, पण आतला बोळा सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच. तेही पाल्यातच अडकतं.

पुळण:
मग कोरड्या वाळूत वापरा दाताळं. पाल्याच्या रेषेवर हातच लावायचे. इतकं तरी करा.

नांगर:
दोघी भांडता आहात त्या दोऱ्यांबद्दल बोलतो, कारण ते आमच्या नावावर खपवले जातात. मी मासेमारीतला माणूस. प्रत्येक सफाईत कुणीतरी जाळ्याचा तुकडा उचलून धरतो आणि आमच्याकडे बघतो. पॅसिफिकमधल्या मोठ्या कचरापट्ट्यात वजनाने निदान ४६ टक्के जाळीच आहेत, हा २०१८ च्या अभ्यासाचा आकडा मलाही माहीत आहे. पण जाळं कोण मुद्दाम टाकेल? त्यावर घर चालतं. खडकात अडकतं, मोठ्या जहाजाचा पंखा कापून नेतो, वादळात सुटतं. फाटलेलं जाळं बंदरात परत घ्यायची सोय केली तर आम्ही किनाऱ्यापर्यंत आणून देऊ. ते कुणी मागत नाही, बोट दाखवायला मात्र सगळे पुढे.

सडेतोड:
बघा, नांगर तेच सांगत आहेत जे मी म्हणतोय! सोय वरून झाली पाहिजे. प्लास्टिक प्रदूषण थांबवायच्या जागतिक कराराची बोलणी बुसानमध्ये २०२४ अखेर अडली, जिनिव्हात ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा अडली, कारण उत्पादनावर मर्यादा घालायला काही देश तयार नाहीत. तिथे दबाव हवा. आपण इथे वाळूत बसून शेवाळावरून भांडतोय.

खारजमीन:
दबाव आणायला हातात काहीतरी लागतं ना? पोत्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. गाडी आणि कचरा घेणारी जागा आधी ठरलेली नसेल तर सफाई ठेवूच नये. पण त्यावरून अख्खं काम निरुपयोगी ठरत नाही. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं आणि प्लास्टिकच्या दाण्यांचे थर किनाऱ्यावर आले. मसुराएवढे दाणे. ते चाळण्या घेऊन माणसांनीच उपसले. तिथे करार होईपर्यंत थांबायचं होतं का? वर्सोव्यात २०१५ पासून दर आठवड्याला सफाई झाली, २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं त्याच वाळूतून समुद्रात गेली.

सडेतोड:
दर आठवड्याला, हा शब्द तुम्हीच वापरलात. वर्षातून एकदा टोपी घालून येणाऱ्यांचं समर्थन त्यातून होत नाही.

खारजमीन:
मी त्यांचं समर्थन केलंच नाही.

सडेतोड:
मग एक अट. नुसती 'बाटली', 'वेष्टन' अशी नोंद मला चालणार नाही. वेष्टनावर कंपनीचं नाव वाचता येत असेल तर तेही लिहायचं. 'ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक' या जागतिक चळवळीतले लोक २०१८ पासून तसं करतात आणि कंपन्यांची नावं जाहीर करतात. तशी नोंद होणार असेल तर येतो. फोटोला उभा राहणार नाही.

टापटीप:
उन्हाने पुसट झालेली नावं वाचायला वेळ जाईल, माणसं कमी पडतील.

पुळण:
दाताळी ठेवून या, तेवढी माणसं मोकळी होतील. आणि ओहोटीची वेळ बघून तारीख ठरवा. मागच्या खेपेला ऐन भरतीला बोलावलं होतं, पाल्याची रेषा पाण्याखाली.

नांगर:
वेळ मी सांगतो. जाळ्यांचे तुकडे वेगळ्या पोत्यात ठेवा, माझ्याकडे द्या. गाठी बघून कुठलं जाळं ते कळतं.