मदत हवी आहे : भूक, वाटून खाणं आणि ४ ते ७ वयाची मुलं. कोणती चित्रपुस्तकं वाचू?

सतरंजी

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी संध्याकाळी मी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते. सोसायटीतली मुलं येतात, कामाला येणाऱ्या मावशींची येतात आणि शेजारी टॉवरचं बांधकाम चालू आहे, तिथल्या वस्तीवरचीही येतात. बऱ्याच जणांची घरची भाषा मराठी नाही, त्यामुळे मोठी चित्रं आणि पानावर दोन-तीन ओळी, अशीच पुस्तकं चालतात.

दिवाळीआधी आमची कमिटी घरोघरून तांदूळ-डाळ गोळा करून बांधकामावरच्या कुटुंबांना देणार आहे. त्याला माझा विरोध नाही, पिशव्या भरायला मीही असेन. पण त्यानिमित्त "मुलांना भूक आणि शेअरिंग कळेल असं एक सेशन घ्या" असं मला सांगितलंय. गोची अशी की ज्यांच्या घरी ते धान्य जाणार, ती पोरंही तिथेच बसलेली असणार.

हाताशी होती ती पुस्तकं चाळली. बहुतेकांत तीच गाडी. नीटनेटक्या कपड्यांतली मुलगी, सिग्नलला एक फाटका शर्ट, डब्यातलं अर्धं सँडविच आणि शेवटच्या पानावर दोघांचं हसू. फाटक्या शर्टला नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. हे त्या मुलांसमोर कुठल्या तोंडाने वाचू? "दोन गट करा" असा सल्ला आलाय, तो मला नकोय.

एकत्र बसून वाचता येईल असं काही सुचवाल का? मराठी असेल तर उत्तम, नसलं तरी चालेल, मी सांगेन मराठीत.

रानजाई

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ बघितलंत का? २०१५ पासून आहे, मराठी पुस्तकं भरपूर, फुकट वाचता येतात आणि उतरवून छापताही येतात. पातळी १ आणि २ तुमच्या वयोगटाला बसतील. "भूक" असं शोधू नका, पुन्हा तीच सँडविचं हाती लागतील. बाजार, स्वयंपाक, भाजी, डबा असं शोधा.

निवडताना मी आधी मजकूर झाकून नुसती चित्रं बघते. देणारा उभा आणि घेणारा खाली बसलेला, असं प्रत्येक पानावर असेल तर पुस्तक परत कपाटात. उपाशी मूल स्वतःही कुणाला काही देतं का, शिकवतं का, निदान "मला वांगं आवडत नाही" एवढं तरी म्हणतं का? आवडनिवड असलेलं मूल बिचारं वाटत नाही.

आणि कमिटीला सांगा, एका सेशनमध्ये कुणी कर्ण होत नसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३ ते ८ वयाच्या मुलांना स्टिकर वाटायला दिले होते. सारखे वाटायला हवेत हे लहानग्यांनाही मान्य होतं, पण प्रत्यक्षात जास्तीचे स्वतःकडेच ठेवले. बोलणं आणि वागणं सात-आठच्या सुमारास जुळलं. तुमच्या पाच वर्षांच्यांनी लाडू लपवला तर मनावर घेऊ नका.

तिसरा मजला

एवढा कीस कशाला काढायचा? आपल्या मुलांना ताटात टाकू नये हे कळलं तरी पुष्कळ. त्या मुलांना भूक काय ते माहीतच आहे.

खडूफळा

तिसरा मजला, माहीत आहे म्हणूनच तर प्रश्न आहे ना. ज्याला माहीत आहे त्याच्यासमोर त्याचीच गोष्ट दुसऱ्याच्या कौतुकासाठी सांगायची का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे भुकेवर वेगळा तास नसतो, खिचडी असते. शिजवलेलं गरम जेवण शाळेतच द्यायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. त्याआधी १९९५ ची योजना होती, पण महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. घरी गेलेला तांदूळ घरादाराचा होतो. शाळेतल्या पंगतीत मात्र सरपंचाचा नातू आणि ऊसतोड कामगाराची पोरगी एकाच पातेल्यातलं खातात आणि कुणी कुणाला "दिलं" असं होत नाही. सोमवारी पातेलं लवकर रिकामं होतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

म्हणून सतरंजीताई, एक व्यवहाराची गोष्ट. खाऊ गोष्टीनंतर देत असाल तर आधी द्या. सगळ्यांना सारखा आणि दुसऱ्यांदा मागितला तरी मिळेल इतका. संध्याकाळी पाचला वस्तीवरचं पोर दुपारी काय खाऊन आलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. रिकाम्या पोटी लाडवाचं चित्र दाखवणं हा छळ आहे.

आटपाट नगर

पुस्तक शोधत बसण्यापेक्षा करा ना एखादं. खुलभर दुधाची कहाणी आठवते का? श्रावणी सोमवारची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो, म्हणून दवंडी, घरातलं सगळं दूध देवळात आणा. धाकाने लोक आणतात. पोरांना ठेवलं नाही, वासरांना ठेवलं नाही, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. घरच्या पोराबाळांना, सुनांना, गाईवासरांना खाऊपिऊ घालून उरलेलं खुलभर दूध ओतते आणि गाभारा भरतो.

तुमच्या अडचणीला ही चपखल बसते. यात गरीब वस्ती नाही, कनवाळू पाहुणा नाही. राजाने दूध काढून नेलं म्हणून घराघरात पोरं उपाशी राहिली. भूक कुठून येते हे इतक्या सरळ सांगणारी गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही. चार वर्षांच्या मुलाला वासराचं लगेच कळतं. माझा भाचा राजावर इतका चिडला होता की गाभारा भरला की नाही, याच्याशी त्याला देणंघेणंच उरलं नव्हतं.

सतरंजी

सगळ्यांचे आभार. खाऊ या रविवारपासून आधी. कहाणी आजीच्या तोंडून ऐकली होती, पण राजाकडे या बाजूने पाहिलंच नव्हतं. शंका एवढीच की आमच्याकडे सगळ्या धर्मांची मुलं येतात. देऊळ ठेवू की राजाचा हौद करू?

जुनी पासोडी

देऊळ राहू दे. हौद केला की म्हातारीचं दूध चमत्काराने का वाढलं ते सांगता येत नाही, आणि मुलं विचारणारच. "एका गावात लोक असं सांगतात" म्हणून सुरुवात करा.

अजून एक. सोसायटीतल्या आज्यांना बोलवा. माझी आई १९७२ च्या दुष्काळात सात वर्षांची होती, मराठवाड्यात. आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी मिळायची, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्यांना आई अजून नाकं मुरडते. पुढे ती बँकेत लागली, आता नातवाला पिझ्झा मागवून देते. तुमच्या टॉवरमध्ये अशी एखादी आजी नक्की निघेल. आपल्याच आजीला भूक लागायची हे ऐकल्यावर आमच्या नातवंडांचे चेहरे बघण्यासारखे होते. मग धान्याच्या पिशवीकडे "त्यांच्यासाठी" म्हणून बघणं जरा अवघड जातं.

सतरंजी

बी विंगमध्ये लातूरकडच्या एक आजी आहेत, उद्या विचारते. पिशव्या मुलांच्या हातून द्यायच्या नाहीत, मोठ्यांनीच रात्री वस्तीवर पोचवायच्या, एवढं कमिटीकडून कबूल करून घेतलंय. फोटोंवरून अजून वाद चालू आहे.

कहाणीची आठ-दहा मोठी चित्रं कुणी काढून देईल का? मला वाटी आणि वासरू यांतला फरक दाखवता येत नाही.

रानजाई

वासरं मी काढते. राजा मुलांनाच काढू द्या. कागदाचं माप कळवा.