ठाण्यातली जुनी मंडळी सावरायची की उलवे-तळोज्यात नवी उभी करायची?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आपण मराठी मेथडिस्टांनी पुढची काही वर्षं माणसं, पैसा आणि पाळकांचा वेळ नव्या वस्त्यांत नव्या मंडळ्या (म्हणजे चर्चचे स्थानिक समुदाय) उभ्या करण्यासाठी वापरावा, असं माझं ठाम मत आहे. आटत चाललेली जुनी मंडळी 'सावरायची' म्हणून आपण जे करतो ते बहुतेक वेळा छप्पर, रंग आणि साउंड सिस्टिमपाशी संपतं. माणसं तेवढीच राहतात.

ती कुठे गेली ते बघा. आजोबा नगर, जालना, सोलापूरकडून गिरणीत नाहीतर रेल्वेत कामाला आले. घरं अपुरी पडू लागली तशी मुलं कळवा, डोंबिवलीला सरकली आणि नातवंडं घोडबंदर रोड, घणसोली, तळोजा, उलवे इथे. सभासदांच्या वहीत नाव अजून जुन्याच मंडळीत आहे. रविवारी मात्र मेगाब्लॉक असतो. उलव्यातल्या जोडप्याने दोन लहान मुलं घेऊन खारकोपरहून नेरुळ गाठायचं, तिथे गाडी बदलून ठाण्याला यायचं, मग रिक्षा, आणि हे सगळं साडेआठच्या उपासनेसाठी! ते जवळच्या एखाद्या हॉलमधल्या फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागटाला, जातात. इकडे आपल्या कमिटीत त्यांच्याबद्दल 'विश्वासात थंड पडले' असं बोललं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं.

आपली सुरुवात इमारतीतून झालेली नाही. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले, घराघरांत लोकांना एकत्र बसवलं, आणि त्यातून १८७२ मध्ये मंडळी उभी राहिली. ती परदेशी मिशनच्या पैशावर चालणार नाही, आपला खर्च आपण उचलेल, हा त्यांचा आग्रह होता. मग आज घणसोलीत चार कुटुंबं एका घरात बसायला काय हरकत आहे? दर आठवड्याला क्लास (प्रार्थना आणि एकमेकांच्या विचारपुशीसाठी जमणारा छोटा गट), एक क्लास लीडर आणि महिन्यातून एकदा पाळक येऊन प्रभुभोजन. जुन्या मंडळीने आपली सर्वांत कामाची दोन-तीन कुटुंबं तिकडे द्यावीत. नको झालेली नव्हे, कामाचीच.

निवृत्त पाळक

सलाम बंधू. तुमची तळमळ समजते, पण विरोध करतो.

टेलरसाहेबांचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्यांनी मुंबईत आधी मराठी लोकांमध्ये काम करून पाहिलं होतं. तिथे फारसं जमलं नाही, आणि ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांच्या. १८७५ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. मागे राहिले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन. ते १८४८ मध्ये मुंबईला आले होते आणि १८८८ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षं एकच शहर. मिशनचा पगार सोडून ते अगदी साधेपणाने राहिले. कुलाब्याच्या बाजूचं मेथडिस्ट चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. टेलर हवेत, नाही म्हणत नाही. पण आज आपल्याकडे बोवेन नाहीत, ही खरी अडचण आहे.

क्लासबद्दलही थोडं बोलतो. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला क्लास सुरू झाले ते तिथल्या सभागृहाचं कर्ज फेडण्यासाठी. बारा-बारा जणांचे गट, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि एकाने घरोघर जाऊन ती गोळा करायची. दारात गेल्यावर कळायचं की कोणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळलाय, कोण आजारी आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी ते हेरलं आणि वर्गणी गोळा करणाऱ्याचा मेंढपाळ केला. इमारतीच्या काळजीतूनच हे निघालं, म्हणून छप्पर आणि रंगाला इतकं हिणवू नका.

मला एका मंडळीत नेमलं तेव्हा रविवारी पुढचे तीन बाक भरायचे. मी काहीही नवं सुरू केलं नाही. सभासदांची जुनी वही काढली आणि एकेका नावाच्या घरी गेलो. कितीतरी लोक अंतरामुळे तुटलेच नव्हते. कोणाचा कमिटीच्या निवडणुकीत अपमान झाला होता, कोणाच्या आईच्या आजारपणात मंडळीतलं कोणी फिरकलं नव्हतं. दोन घराण्यांतला वाद मिटला आणि पुढच्या ईस्टरला बाक कमी पडले. हे मी अभिमानाने सांगत नाही, वही तिथे होती म्हणून सांगतो. अशी नावं विसरून तुम्ही तळोज्याला निघालात तर त्या घरी कोण जाणार?

शिवाय आपल्याकडे पाळकाची नेमणूक बिशप कॉन्फरन्समध्ये (चर्चच्या वार्षिक सभेत) करतात. नवी मंडळी रुजायला एका माणसाने तिथे वर्षानुवर्षं राहावं लागतं. आपल्याकडे बदली कधी होईल ते सांगता येत नाही.

घणसोलीहून

मी त्या चार कुटुंबांपैकीच एका घरातली आहे, म्हणून लिहिते.

पाळकसाहेब, तुमच्या त्या मंडळीतले लोक रुसलेले होते. आम्ही रुसलेलो नाही. आम्हाला रविवारी फक्त पोचता येत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत, औषध एकच कसं चालेल?

पण पाचपाखाडीकर दादा, तुम्हीही एक गोष्ट गृहीत धरताय. घणसोलीत मराठी उपासना सुरू केली की आमची मुलं येतील, असं. माझी मुलगी घरात मराठी बोलते, आजीशी भांडतेही मराठीत, पण छापील मराठी वाचताना अडते. संडे स्कूलचं मराठी पुस्तक हातात दिलं की ती गप्प होते. वाशीच्या इंग्रजी फेलोशिपमध्ये मात्र हात वर करून उत्तरं देते. उलट रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आजीकडून ऐकून तिला तोंडपाठ आहेत आणि ती मोठ्याने म्हणते. तेव्हा मराठी सोडा असं मी म्हणत नाही. गाणं आणि प्रार्थना मराठीत ठेवा, मुलांचा धडा दोन्ही भाषांत घ्या. हे जुन्या मंडळीत सुचवलं होतं. 'आपल्याकडे असं चालत नाही' एवढंच उत्तर मिळालं. नव्या ठिकाणी निदान करून बघता येईल. मला नवी मंडळी हवी आहे ती मुख्यतः यासाठी.

कळव्याची मावशी

मी फार शिकलेली नाही, पण मंडळीच्या स्त्री समाजात उभं आयुष्य गेलंय. कोणीच विचारत नाही ते मी विचारते.

मयत झालं की काय करणार?

हसू नका. आमच्या बिल्डिंगमधलं एक ख्रिस्ती कुटुंब कितीतरी वर्षं एका फेलोशिपला जात होतं. भलं माणूस तो पास्टर, प्रार्थनाही मनापासून करायचा. घरातले आजोबा गेले आणि रात्री अकराला त्यांचा मुलगा माझ्या दारात. दफन कुठे करायचं? फेलोशिपकडे जागा नाही. नव्या वस्तीत ख्रिस्ती दफनभूमी पटकन मिळत नाही, सगळे आहेत त्याच जुन्या जागांकडे धावतात, आणि तिथे कुठल्या मंडळीचे सभासद, पत्र आणा, असं विचारतात. मग आमचेच पाळक धावले, आमच्याच बायांनी रात्रभर त्या सुनेजवळ बसून गीतं म्हटली. आम्ही ते आनंदाने केलं, पुन्हाही करू. पण ती जुनी मंडळी उद्या बंद पडली तर तो मुलगा कोणाचं दार वाजवेल?

लग्नाचंही तेच. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे. लग्न लावणारा दीक्षित पाळक तरी हवा, नाहीतर सरकारचा परवाना असलेला तरी. रजिस्टर लागतं. एखाद्या ब्रदरने डोक्यावर हात ठेवला आणि लग्न झालं, असं नाही. पुढे पासपोर्टाच्या वेळी पोरं दाखल्यासाठी वणवण करतात.

आमच्याकडे रविवारी येणाऱ्या म्हाताऱ्या विधवांना तुम्ही 'आटत चाललेली मंडळी' म्हणता. त्यांच्या अर्पणातून अजून वीजबिल भरलं जातं, पोरांनो.

सीवूड्स

थोडं व्यवहाराचं. सिडकोकडून धार्मिक वापराचा भूखंड घेणं चार कुटुंबांच्या आवाक्यातलं नाही, त्यामुळे इमारतीची चर्चा आत्ता नकोच. फ्लॅटमध्ये बसायचं तर शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी भेटा, वेळ सांगा, ढोलकी आणि माइक टाळा. दारासमोर अनोळखी चपला वाढल्या की संशय येतो, आणि हल्ली तो लगेच धर्मांतराच्या आरोपापर्यंत जातो. आम्ही सुरुवातीलाच शेजाऱ्यांना नाताळच्या फराळाला बोलावलं होतं. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

सीएनआयवाला, ठाणे

बाहेरच्याचं मत चालेल ना?

१९७० मध्ये नागपुरात आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं. ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट त्यात आले. तुमचं चर्च, तेव्हाचं मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, बोलणी बरीच पुढे गेल्यावर ऐनवेळी बाहेर राहिलं आणि १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झालं. त्या निर्णयाबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. पण घणसोलीत तुमची चार कुटुंबं आहेत, आमची पाच, साल्व्हेशन आर्मीची दोन. तीन घरांत बाजाच्या तीन पेट्या घेऊन वेगवेगळं का बसायचं? आणि सरळ बोलतो, नवी मंडळी 'वाढली' असं ऐकू येतं तेव्हा पुष्कळदा दुसऱ्याच्या वहीतली नावं तिकडे गेलेली असतात. कोणी नव्याने विश्वासात आलं, कोणी दारू सोडली, तर ती वाढ. बाकी नुसती हलवाहलव.

केडगावची नात

पुनरुज्जीवनाचा विषय निघालाच आहे तर मुक्ती मिशन आठवावं. मिनी एब्रम्स या १८८७ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून मुंबईत आल्या आणि १८९८ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या कामात सामील झाल्या. १९०५ मध्ये तिथे मुलींच्या प्रार्थनेतून जे आत्मिक जागरण झालं, त्यावर त्यांनी लिहिलेली पुस्तिका थेट चिलीमधल्या एका मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचली आणि १९०९ मध्ये तिथली मंडळी पेटून उठली. आराखडा कोणीच केला नव्हता. आधी गुडघे टेकले गेले.

निवृत्त पाळक

भगिनी, प्रार्थनेबद्दल दुमत नाही. पण चिलीत पुढे काय झालं तेही सांगा. जुन्या मंडळीला ते जागरण मानवलं नाही, फूट पडली आणि मेथडिस्ट पेंटेकोस्टल चर्च वेगळं झालं. नव्याला जुन्याने सांभाळलं नाही की असं होतं. यात दोष दोन्हीकडचा.

पाचपाखाडीकर

सगळं नीट वाचलं. माझं मत तेच आहे. मात्र मावशींनी जे विचारलं त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मावशी, नवी मंडळी वेगळी नोंदवावी, वेगळं लेटरहेड काढावं, असं मी म्हणतच नाही. घणसोलीच्या क्लासमधल्या प्रत्येकाचं नाव ठाण्याच्या वहीतच राहील. लग्न, बाप्तिस्मा, दफन ठाण्यातून होईल, अर्पणाचा वाटा ठाण्याला जाईल. आपल्याकडे मालमत्ता स्थानिक मंडळीच्या नावावर नसतेच, ती मध्यवर्ती मंडळाकडे असते, त्यामुळे तो वाद उभा राहू नये. नवे लोक त्या विधवांच्या घरी महिन्यातून एकदा जातील, हेही क्लासच्या कामातच धरू.

सीएनआयवाले बंधू, एकत्र बसायला माझी तयारी आहे. प्रभुभोजन कोणाच्या पाळकांनी द्यायचं हे वरच्यांना विचारावं लागेल. प्रार्थना आणि वचनासाठी कोणाची परवानगी लागते?

पाळकसाहेब, तुमच्या बदलीच्या मुद्द्यामुळेच मी क्लास लीडरवर भर देतोय. पाळक बदलतील, लीडर उलव्यातच राहणारा असेल. वेस्ली स्वतः गावोगाव फिरत राहिले आणि मागे क्लास टिकले ते स्थानिक माणसांमुळेच. बोवेन मिळत नाहीत म्हणता, पण त्या वस्तीत घराचा हप्ता भरणारा माणूस वीस वर्षं तिथून हलणार नाही. त्यालाच तयार करा ना.

निवृत्त पाळक

त्याला तयार कोण करणार, हाच तर माझा प्रश्न आहे. तोच माणूस सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो. त्याच्या हातात वचन देण्याआधी निदान वर्षभर कोणीतरी त्याच्याबरोबर बसायला हवं. जिथे मागून सांभाळ करता येणार नाही तिथे नुसतं प्रवचन करून पुढे जाऊ नये, हेही वेस्लींचंच मत होतं. ती सोय न करता ठराव आणलात तर मी विरोधात बोलेन.

घणसोलीहून

आणि तो लीडर पुरुषच असेल असं दोघांनीही धरून चाललंय. आमच्या चार घरांत दुपारी मोकळ्या असणाऱ्या आणि बायबल नीट वाचलेल्या दोघी आहेत. पाळकसाहेब, तुम्ही निवृत्त आहात. बुधवारी दुपारी ट्रान्स-हार्बर लोकलला गर्दी नसते. वर्षभर आमच्याबरोबर बसाल का?

निवृत्त पाळक

बसेन. ठरावाला विरोध तरीही करणार. आणि येताना वही घेऊन येईन. घणसोली, कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या पत्त्यांवरची जी नावं त्यात आहेत, त्या प्रत्येक घरी तुम्ही दोघींनी माझ्याबरोबर यायचं.

कळव्याची मावशी

ऐरोलीतल्या दोन घरचे पत्ते वहीत जुने आहेत. नवे माझ्याकडे आहेत, फोन करा.