दर आठवड्याला पोस्ट टाकलीच पाहिजे, हा सल्ला ब्लॉग मारतो असं माझं मत आहे

जुनी_वही
नवीन ब्लॉगवाल्यांना सगळे एकच सांगतात, एक वार ठरव आणि दर आठवड्याला पोस्ट टाक, वाचक आपोआप वाढतील. मी हे मनापासून करून बघितलंय. दर सोमवारी पोस्ट, सात महिने एकही सोमवार चुकवला नाही. पहिल्या दोन-अडीच महिन्यांतल्या पोस्टी आजही वाचाव्याशा वाटतात. नंतर दुधाचा रतीब घातल्यासारखं झालं, रविवारी रात्री अकराला काहीतरी विषय शोधायचा, सहाशे शब्द ओढायचे आणि टाकून मोकळं व्हायचं. शेवटी लिहायचाच इतका कंटाळा आला की ब्लॉग दोन वर्षं बंद पडला.

त्या दोन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही तरी एका पोस्टवर लोक येत राहिले. आईला श्रवणयंत्राची सवय लागताना काय काय झालं ते लिहिलं होतं, ती पोस्ट. आणि सोमवार पाळायला म्हणून ओढून लिहिलेल्या पोस्टींवर कोणी फिरकत नव्हतं. परत सुरुवात केली तेव्हा सर्च कन्सोल (गूगलवर काय शोधून लोक आपल्या ब्लॉगवर येतात ते दाखवणारं गूगलचंच साधन) उघडून बघितलं की लोक नक्की काय टाइप करून येतात, तर 'कानाचं मशीन शिट्टी वाजतं', 'आई मशीन काढून ठेवते' असलं. माझ्या पोस्टचं नाव होतं 'नवा आवाज'. कोणाला कळणार त्यावरून? नाव बदललं, शिट्टी मशीन कानात नीट न बसल्यामुळे येत होती आणि ते परत बसवून घ्यावं लागलं हे मी विसरलेच होते लिहायला, ते घातलं, खाली आईवरच्याच अजून दोन पोस्टींच्या लिंका दिल्या. (फक्त नाव बदला हं, पोस्टचा पत्ता बदलू नका, नाहीतर इतरांनी दिलेल्या जुन्या लिंका तुटतात.) त्यानंतर लोक एक पोस्ट वाचून निघून जायच्या ऐवजी पुढचीही वाचायला लागले, काहींनी मेल लिहिले.

म्हणून माझं म्हणणं, सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहा, आणि उरलेला वेळ जुन्या चांगल्या पोस्टींची डागडुजी करा.

खटपट्या
अजिबात पटलं नाही. 'सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहीन' म्हणणाऱ्यांचे ब्लॉग मी बंद पडताना बघितलेत, माझा स्वतःचा पहिला त्यातच गेला. सांगण्यासारखं नेहमीच असतं, बसायचं नसतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मग आता इतक्या दिवसांनी काहीतरी मोठंच टाकायला हवं असं दडपण येतं, ते मोठं काही लिहून होत नाही आणि ड्राफ्टमध्ये चाळीस अर्धवट पोस्टी पडून राहतात. वार ठरलेला असला की लिहू का नको हा विचारच करावा लागत नाही, बसायचं आणि लिहायचं.

आणि तुम्ही आठवड्याला सहाशे शब्द ओढत होतात, ती चूक वाराची नाही, सहाशेची आहे. माझ्या काही पोस्टी शंभर शब्दांच्या आहेत, एक निरीक्षण, झालं. वार पाळला, ओढाताण नाही. आणि ती श्रवणयंत्राची पोस्टसुद्धा तुम्ही नेमाने लिहीत होतात तेव्हाच लिहिलीत ना?

जुनी_वही
नाही, ती सोमवार सुरू करायच्या खूप आधीची. आई झोपल्यावर दोन रात्री जागून लिहिली होती. शंभर शब्दांचा मुद्दा मात्र मान्य, ते मला तेव्हा सुचलंच नाही, पोस्ट म्हणजे मोठीच हवी असं डोक्यात बसलं होतं.

फीडवाला
वारावरून भांडताय पण वाचकाला तुमची नवीन पोस्ट कळते कशी हे कोणी बोलतच नाहीये. पूर्वी लोक आरएसएस फीड वापरायचे, म्हणजे ब्लॉगवर नवीन पोस्ट आली की ती वाचकापर्यंत आपोआप पोचवणारी सोय. अशी फीडं एका जागी वाचायला गूगल रीडर २००५ मध्ये आलं, लोक आवडीचे ब्लॉग त्यात टाकून ठेवायचे, तुम्ही सहा महिन्यांनी लिहिलंत तरी पोस्ट त्यांच्यासमोर यायची. १ जुलै २०१३ ला गूगलने ते बंद केलं. बरेचसे वाचक दुसरं रीडर शोधत बसले नाहीत, सोशल मीडियावर जे समोर येईल ते वाचायला लागले, आणि तिथे सतत काही टाकलं नाही की तुम्ही दिसत नाही. दर आठवड्याचा दट्ट्या मुख्यतः तिथून आलाय असं मला वाटतं. वाचकाला इतकी घाई कधीच नव्हती.

फीड अजून जिवंत आहे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर या ब्लॉग चालवायच्या दोन्ही सेवांत आपोआप बनतं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन बघा की पूर्ण पोस्ट जाते का नुसता तुकडा. तुकडा जात असेल तर फीडवर वाचणारा माणूस वैतागतो आणि सोडून देतो. आणि ईमेल यादी ठेवा, पण स्वतःच्या हातात ठेवा. ब्लॉगरवर 'ईमेलने मिळवा' अशी चौकट असायची, ती फीडबर्नर या गूगलच्या सेवेवर चालायची. २०२१ च्या जुलैत ती ईमेल सेवा बंद झाली. आधी सूचना आली होती, यादी उतरवून घेता येत होती, मी घेतली. माझ्या ओळखीच्या एकीने घेतली नाही, नियमित वाचणारी सगळी माणसं एका फटक्यात गेली, आणि ती कोण होती हेसुद्धा तिला आता सांगता येत नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

नुसतं_लिहा
मला मुळात वाचक वाढवायचे कशाला हेच कळत नाही. जॉर्न बार्गर या सुरुवातीच्या ब्लॉगवाल्याने १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द काढला तो वेबवर जे सापडलं त्याची नोंद ठेवायला, १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने तो तोडून 'वी ब्लॉग' केला आणि त्याचं ब्लॉग झालं. नोंदवही आहे ही. मी आकडे बघायचं बंद केलं कारण आकडे बघून मी बदलत चाललो होतो. एका पोस्टमध्ये जरा तावातावाने लिहिलं, ती खूप वाचली गेली, पुढच्या चार पोस्टी मी उगाच तावातावाने लिहिल्या. मला त्या विषयाचा एवढा राग नव्हताच. स्वतःचंच वाचून लाज वाटली. तेव्हापासून काउंटर काढून टाकला, आज अकरा वर्षं लिहितोय, एकदाही ब्लॉग बंद करावासा वाटला नाही.

जुनी_वही
तुमचा तावातावाचा अनुभव वाचून थांबले जरा, कारण तसं माझंही झालंय. पण कोणी वाचलं नाही तरी चालेल हे मला पटत नाही. तसं असतं तर वहीत लिहिलं असतं. एका बाईंनी मेल केला की तुमची पोस्ट वाचून मी वडिलांना मशीन पहिल्या दिवसापासून सतत घाला म्हणून मागे लागणं सोडलं, रोज थोडं थोडं वाढवत नेलं, आता ते घालतात. तो मेल आला नसता तर मी परत लिहायला लागले असते का, खरंच माहीत नाही. किती आले ते बघू नका हे ठीक, पण कोण आलं आणि काय शोधत आलं ते बघायला काय हरकत आहे?

नुसतं_लिहा
मेल वाचतो की मी. उत्तरही देतो प्रत्येकाला. आकड्यांबद्दलच माझी तक्रार आहे.

उलटतपासणी
जुनी_वही, तुमचा अनुभव खरा आहे पण त्यावरून आज सुरुवात करणाऱ्याला सल्ला देणं धोक्याचं आहे. २०२४ च्या मे महिन्यापासून गूगलने शोधाच्या वरच एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. शिट्टी का वाजते याचं उत्तर माणसाला तिथेच मिळालं तर तो तुमच्या पोस्टवर येईल कशाला? नुसत्या माहितीच्या माझ्या पोस्टींवरची शोधातून येणारी माणसं स्पष्ट कमी झालीत. जुन्याची डागडुजी करून शोधावर विसंबणं म्हणजे आटत चाललेल्या विहिरीला नवा रहाट बसवणं.

माझ्याकडे आता वाचक येतात ते दुसऱ्या ब्लॉगवाल्यांकडून. कोणाची पोस्ट आवडली तर मी त्यावर स्वतःची पोस्ट लिहितो, नीट, त्यांचं कुठे पटलं कुठे नाही, आणि लिंक देतो. 'छान लिहिलंय, माझाही ब्लॉग बघा' हे कृपया कोणी करू नका, त्याने कोणी येत नाही आणि आपली किंमत जाते. ब्लॉगच्या कडेला आवडत्या ब्लॉगांची यादी ठेवायची पद्धत होती ती मी परत सुरू केलीय. अशी आलेली माणसं थोडी असतात पण टिकतात.

जुनी_वही
विहिरीचं खरं आहे, माझ्याकडेही शोधातून येणारे कमी झालेत, ते मी वर लिहायला हवं होतं. शिट्टीचं कारण कोणीही सांगेल. आई पहिल्या आठवड्यात भांड्यांच्या आवाजाने रडली आणि मशीन उशीखाली लपवून ठेवलं, हे मात्र सारांशात मिळणार नाही, त्यासाठी माणूस यावा लागतो. आता मला वाटतं डागडुजी करताना माहिती वाढवत बसण्यापेक्षा हे वाढवायला हवं.

फीडवाला
एक राहिलं. जे काही लिहाल त्याचा बॅकअप घ्या आणि जमलं तर स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब पत्ता, घ्या. लोकांची वेबपानं ठेवणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ब्लॉग ठेवणारं टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला. स्वतःचं डोमेन असलं की घर बदललं तरी पत्ता तोच राहतो, लोक आणि लिंका हरवत नाहीत.

खटपट्या
मी वार सोडणार नाही, सोडला तर माझं लिहिणं थांबेल हे मला माहितीय. पण पुढच्या महिन्यापासून दोन रविवार नवीन पोस्ट आणि दोन रविवार जुन्या पोस्टी असं करून बघतो. दोनशेच्या वर पोस्टी आहेत माझ्या, त्यातल्या कित्येक मी स्वतः परत वाचलेल्या नाहीत.

जुनी_वही
तुम्ही जुन्यांना वार देताय हे मला आवडलं. मी अजूनही वार ठरवणार नाही, पण शंभर शब्दांच्या पोस्टी लिहून बघते, पहिली आजच.

फीडवाला, सेटिंग बघितलं आत्ता. तुकडाच जात होता, इतकी वर्षं. पूर्ण केलंय.