सेलिअ‍ॅक: नुसत्या रक्ततपासणीवर मुलाला जन्माचं पथ्य?

चौकस:
पूर्वी सेलिअ‍ॅक (गहू, बार्ली, रायमधल्या ग्लूटेननं आतडं खराब होण्याचा आजार) म्हटलं की दीड-दोन वर्षांचं मूल, न थांबणारे जुलाब, फुगलेलं पोट आणि काटक्यांसारखे हातपाय. सॅम्युअल जी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्ये साधारण हेच लिहून ठेवलंय. आता सापडतात ती शाळकरी मुलं. उंची वाढत नाही, लोह देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, कुणाला चक्क बद्धकोष्ठ. काहींना तर कसलाच त्रास नसतो, भावंडाला आहे म्हणून रक्त तपासलं जातं. त्यात युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये काही मुलांना बायॉप्सीतून सूट दिली आणि २०२० मध्ये लक्षणांची अटही काढली. मला हे पटत नाही. गहू, बार्ली, राय जन्मभर बंद करायचे तर आतड्याचा तुकडा बघूनच करा.

पोटतिडीक:
सूट सरसकट नाही हो. टीटीजी-आयजीए ही रक्तातली अँटिबॉडी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किमान दहापट हवी, आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह. त्याखाली बायॉप्सी आहेच. त्याच संघटनेचे १९६९ चे नियम आठवा: निदानाला बायॉप्सी, पथ्यानंतर बायॉप्सी, मग बऱ्या झालेल्या पोराला पुन्हा गहू चारून तिसरी! शिवाय आतड्याची खराबी सलग नसते. मोजकेच तुकडे घेतले तर नेमकी निसटते.

जुनं_खोड:
बायॉप्सीची एवढी महती नको. डिके या बालरोगतज्ज्ञांनी नेदरलँड्समध्ये गव्हावर बोट ठेवलं ते मुलांची वजनं आणि शौचातली चरबी मोजून. त्यांचा प्रबंध १९५० चा, आतड्याच्या बायॉप्सीची नळी त्यानंतरची. त्याआधी मुलांना केळ्यांवर ठेवायचे. गहू सुटल्यानं मुलं सुधारायची आणि श्रेय केळ्यांना!

दोघांची_आई:
माझा मुद्दा वेगळा. मोठीला पथ्य सांगावं लागत नाही, चुकून पोटात गेलं की उलट्या होतात, तीच डब्यावरचं बारीक अक्षर वाचते. धाकटा तिच्यामुळे तपासला, तोही पॉझिटिव्ह निघाला, पण त्रास शून्य. वाढदिवसाच्या केकपुढे उभा राहून विचारतो, "मला काय होतंय?" काय सांगू? कधी वाटतं, तपासलंच नसतं तर बरं.

चौकस:
हेच म्हणतोय मी! काही मुलांत गहू चालू असतानाही अँटिबॉडी आपोआप उतरतात. इटलीनं तर २०२३ मध्ये सगळ्याच मुलांच्या तपासणीचा कायदा केला. किती निरोगी पोरं अडकणार?

पोटतिडीक:
आपोआप उतरतात त्या बहुतेक थोड्याशाच वाढलेल्या. त्या मुलांना ही सूट मुळात लागूच नाही. आणि त्रास नाही म्हणजे आतडं शाबूत, असं थोडंच आहे? हाडं कमकुवत होतात, वयात येणं लांबतं, गेलेली उंची मोठेपणी परत मिळत नाही. ताई, धाकट्याला आधीचा आणि पथ्यानंतरचा टीटीजीचा आकडा शेजारी ठेवून दाखवा. मुलांना आकडा उतरलेला कळतो. मात्र वाचणाऱ्यांनी तपासणीआधीच गहू बंद करू नये, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

चौकस:
आकड्यांचंच बोलायचं तर टीटीजीचं किट लॅबगणिक वेगळं. मग दहापट कुठल्या लॅबची धरायची?

पोटतिडीक:
त्याच लॅबच्या मर्यादेची. किटांत फरक पडतो, मान्य. म्हणून तर दुसरा नमुना मागतात.

चौकस:
दुसऱ्यांदा सुई टोचणारच आहात, तर बायॉप्सीलाच एवढा नकार का?

दोघांची_आई:
मोठीला भूल देऊन आत नेलं तेव्हा तुम्ही दाराबाहेर नव्हता, म्हणून विचारताय.