स्क्रीनशॉटचं टूल: फुकट आहे एवढ्यावर घ्यायचं का?

काउंटरवाला_खानापूर (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. सगळ्यात जास्त माणसं येतात ती शेताचा उतारा काढायला. आमच्याकडच्या कित्येक वडीलधाऱ्यांना कानडी झकास बोलता येतं, पण वाचता येत नाही. भूमी या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटच्या पानावरची कानडी-इंग्रजी अक्षरं दिसली की त्यांचा हात थांबतो. म्हणून मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढतो आणि त्यावर आकडे टाकून मराठीत लिहितो: १ जिल्हा, २ तालुका, ३ होबळी (तालुक्याचा भाग), ४ गाव, ५ सर्वे नंबर, ६ सरनॉक (सर्वे नंबरला जोडलेली खूण), ७ हिस्सा (त्या नंबरचा पोटभाग). चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की घरातली पोरं बघून बघून उतारा काढतात.

आता मुद्दा. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कुणीतरी टाकून दिलेलं एक फुकटचं टूल होतं. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा आतला कोड कुणालाही बघता येतो असं, नव्हतं. त्यात सेव्हच्या बटणाला लागूनच अपलोडचं बटण. गेल्या महिन्यात घाईत बोट तिकडे पडलं आणि एका गिऱ्हाइकाच्या आधारचा आणि पासबुकाचा फोटो कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन त्याची लिंकसुद्धा तयार झाली. काढून टाकायची सोय सापडेना. मेल केला, उत्तर नाही. शेवटी त्या माणसाच्या घरी जाऊन सांगून आलो. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जिथे दुसऱ्याचे कागद स्क्रीनवर येतात, तिथे स्क्रीनशॉटचं टूल ओपन सोर्सच पाहिजे. चित्र कुठे जातं हे निदान कुणाला तरी तपासता आलं पाहिजे. मी ग्रीनशॉट घेतलंय. विंडोजवर मोफत, जीपीएल या ओपन सोर्स परवान्याचं, २००७ पासूनचं. प्रिंट स्क्रीन दाबलं की चौकट ओढायची, मग एडिटरमध्ये बाण, आकडे, झाकायची पट्टी, सगळं आहे. दुकानवाल्यांनी, शाळांनी हेच घ्यावं असं मला वाटतं. तुमचं काय मत?

उद्यमबाग_हिशेबनीस

तुमचं दुःख कळतं, पण निष्कर्ष पटत नाही. चूक त्या टूलची होती, ओपन सोर्स नसण्याची नव्हे. मी फाउंड्रीत हिशेबाला आहे. आमच्याकडे बाहेरचं काहीही इन्स्टॉल करायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, विंडोजचं स्वतःचं स्निपिंग टूल उघडतं. विंडोज ११ मध्ये तर फोन नंबर आणि ईमेल ओळखून झाकायची सोयही त्यातच आहे.

उलट सामान्य माणसाला ‘ओपन सोर्स टूल शोधून टाका’ म्हणून सांगाल, तर तो गूगलवर नाव टाकणार, वरच्या जाहिरातीतलं हिरवं डाउनलोड बटण दाबणार आणि भलतंच काहीतरी घरात घेणार. हे मी आमच्याच ऑफिसात होताना पाहिलंय. सोर्स कोड उघडा आहे म्हणता, तो वाचतो कोण? तुम्ही वाचलाय?

चिकोडीचा_पेंग्विन

@उद्यमबाग_हिशेबनीस, बरोबर त्याच स्निपिंग टूलची एक गोष्ट सांगतो. मार्च २०२३ मध्ये ‘अ‍ॅक्रोपॅलिप्स’ नावाची खोट उघडकीला आली. आधी गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या चित्र कापायच्या साधनात, मग काही दिवसांतच विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या स्निप अँड स्केचमध्ये. तुम्ही पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट सेव्ह केला, मग त्याच टूलमध्ये नको तो भाग कापून त्याच फाइलवर पुन्हा सेव्ह केलं, तर नवीन छोटं चित्र फाइलच्या सुरुवातीला लिहिलं जायचं, पण जुन्या चित्राची शेपटी फाइलमध्ये तशीच राहायची. डोळ्याला कापलेलं दिसतं, फाइलला ते ठाऊकच नाही. जाणकार माणूस त्या शेपटीतून कापलेला बराच भाग परत काढू शकायचा. मायक्रोसॉफ्टने लगेच दुरुस्ती दिली हे खरं. पण त्याआधी ज्यांनी कापून पाठवलं, त्यांच्या फाइली अजून कुठे कुठे पडून असतील.

माझं सांगणं आणखी एक पायरी पुढचं आहे. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्याकडच्या दुकानांत, शाळांत तेच जुने कॉम्प्युटर आहेत, ११ घेत नाहीत. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत, ओपन सोर्स प्रणाली टाका. त्यात केडीई नावाचा डेस्कटॉप असेल तर स्पेक्टॅकल हे स्क्रीनशॉटचं टूल सोबतच येतं. उबुंटू या लिनक्समध्ये २२.०४ आवृत्तीपासून प्रिंट स्क्रीन दाबलं की ग्नोम या त्याच्या डेस्कटॉपचं स्वतःचं स्क्रीनशॉटचं साधन उघडतं, रेकॉर्डिंगसकट. बाण आणि आकडे हवेत तर फ्लेमशॉट. चौकट ओढली की तिच्याभोवतीच सगळी हत्यारं गोल उभी राहतात, काम होतं तिथल्या तिथे. कंट्रोल-सी ने कॉपी, कंट्रोल-एस ने सेव्ह. फ्लेमशॉट विंडोजवरही चालतं.

उद्यमबाग_हिशेबनीस

@चिकोडीचा_पेंग्विन, तीच गोष्ट पूर्ण सांगा की. पिक्सेलमधल्या त्या चुकीचं मूळ अँड्रॉइड १० मध्ये फाइल उघडण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलात होतं. जुनी फाइल आधी रिकामी करायची, ते होईनासं झालं. अँड्रॉइडचा तो भाग ओपन सोर्सच आहे, जगाला दिसणारा. तरी खोट कळायला २०२३ उजाडलं. म्हणजे कोड उघडा असून भागत नाही, कुणीतरी नेमकी तीच ओळ नेमक्या वेळी बघावी लागते.

आणि खानापूरकर, तुमच्या ग्रीनशॉटची १.२.१० ही आवृत्ती २०१७ ची. त्यानंतर कित्येक वर्षं लोक तीच वापरत बसले. चार माणसं फावल्या वेळात करतात म्हटल्यावर असं व्हायचंच. त्यांना दोष देत नाही, पण दुकानाची भिस्त त्यावर ठेवायची का, एवढाच माझा प्रश्न.

टिळकवाडी_बाई

मी मराठी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. उद्यमबाग म्हणतात ते ‘कोण वाचतो’ मला मान्य नाही. मी औषधाची बाटली प्रयोगशाळेत नेऊन तपासत नाही, पण तपासता येते म्हणूनच विश्वास ठेवते. बंद टूलमध्ये तपासायचा रस्ताच नसतो.

पण निवड म्हणाल तर माझी शेअरएक्स. हेही जीपीएलचं, मोफत, फक्त विंडोजवर, काम नियमित चालू आहे. लांबलचक पान सरकवत सरकवत एकच चित्र काढायची सोय त्यात आहे, ग्रीनशॉटमध्ये तसली भरवशाची सोय नाही. आमच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तीन स्क्रीन लांब. तीन तुकडे पाठवले की पालक दुसरा तुकडा पहिला समजतात. शेअरएक्समध्ये लहानसा व्हिडिओ किंवा हलतं चित्रही करता येतं. कुठे क्लिक करायचं ते दिसलं की मुलांना शब्दांची गरज उरत नाही.

काउंटरवाला_खानापूर

बाई, शेअरएक्स मी टाकून बघितलं आणि काढलं, ते अपलोडमुळेच. ते टूल मुळात शेअर करण्यासाठी बांधलंय, नावातच आहे. चित्र काढल्यानंतर काय काय करायचं त्याची यादी असते, त्यात अपलोडची खूण पडलेली राहिली तर माझी जुनी गत. माझ्या काउंटरवर पुतण्याही बसतो, सगळ्यांना सेटिंग समजावणं जमत नाही.

लांब पानासाठी मी फायरफॉक्स वापरतो. पानावर उजवी क्लिक, स्क्रीनशॉट, ‘पूर्ण पान सेव्ह करा’. सरकवायचं नाही, जोडायचं नाही. फायरफॉक्सही ओपन सोर्सच.

२०१७ च्या मुद्द्यावर मात्र उद्यमबाग यांचं म्हणणं रास्त आहे. मी नवी १.३ टाकलीय, जुनी कुणी वापरत असेल तर बदला.

टिळकवाडी_बाई

ती खूण एकदा काढली की काम झालं. शाळेच्या सगळ्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी काढली. एका सेटिंगपायी चांगलं टूल टाकून द्यायचं हे मला पटत नाही. तुम्ही दुकानातला चाकू धारदार आहे म्हणून फेकून देत नाही. फायरफॉक्सचा उपाय चांगला आहे, तो मी मुलांना दाखवीन. पण तो वेबपानापुरताच, बाकी खिडक्यांना त्याचा उपयोग नाही.

निपाणीकर_नेट

टूलवरनं लई चाललंय, म्हणून एक बगा. तुमच्या काउंटरवर विंडोज आणि व्ही दाबून बगा. क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हंजे कॉपी केलेल्याची यादी, चालू असंल तर शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी तिथं वळीनं बसलेल्या असत्यात, चित्रं पण. माझ्या दुकानात एका पोरानं सहज दाबलं, तर त्याच्या आधी येऊन गेलेल्या बाईंचं आधार कार्ड समोर. टूल कुठलंबी असू दे, कॉपी केलं की तिथं ठेवा पडतोय. मी त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन हिस्टरी बंद केली.

दुसरं, विंडोज ११ चं स्निपिंग टूल आपोआप पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात सेव्ह करतंय. आणि वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात पिक्चर्सचा बॅकअप चालू असंल तर ते सरळ वर जातंय. गिऱ्हाईक गेलं की तो फोल्डर रिकामा करायची सवय लावा.

उद्यमबाग_हिशेबनीस

हे उपयोगाचं बोललात. वनड्राइव्हचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, ऑफिसात आज तपासतो.

चिकोडीचा_पेंग्विन

झाकण्याबद्दलही बोलूया, कारण खरी गफलत तिथेच होते. बहुतेक जण आकड्यांवर धूसर चौकोन ओढतात. ग्रीनशॉट, फ्लेमशॉट दोन्हीत ती सोय आहे आणि दिसायला छान दिसते. पण धूसर केलेल्या अक्षरांतून मूळ अक्षरं ओळखायची साधनं २०२० पासून खुली उपलब्ध आहेत. आधारचे १२ आकडे म्हणजे तर फक्त शून्य ते नऊ एवढेच पर्याय, तेही एकाच छापाचे. म्हणून धूसर करू नका. काळ्या रंगाने भरलेला चौकोन ठेवा. फोनमधल्या मार्करने घासलेलं तर अजिबात चालणार नाही, उजेड वाढवला की खालचे आकडे दिसतात.

आणि खानापूरकर, ग्रीनशॉटची स्वतःची एक फाइल असते, शेवटी डॉट ग्रीनशॉट. त्यात बाण, चौकोन वेगळे सुटे राहतात, म्हणजे उघडणारा तुमचा काळा चौकोन बाजूला सारू शकतो. बाहेर पाठवायचं ते पीएनजी, म्हणजे साध्या चित्राची फाइलच.

काउंटरवाला_खानापूर

हे माहीत नव्हतं. मी धूसरच करत होतो, वर्षभर. पाठवलेली चित्रं आता परत येत नाहीत, पण गटावर पडलेली काढून नवी टाकतो.

पीएनजीबद्दल माझीही एक भर. जेपीजीत अक्षरांच्या कडेला मळ बसतो, त्यात कानडीतले ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडून लिहायची बारीक अक्षरं, तर ओळखूच येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते आणखी दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसंच्या तसं पोचतं.

टिळकवाडी_बाई

कानडी ओळखायचं निघालंच आहे तर: नॉर्मकॅप नावाचं एक ओपन सोर्स साधन आहे. चौकट ओढली की चित्राऐवजी त्यातला मजकूर कॉपी होतो. आत टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन आहे, त्याला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येतात. शेअरएक्समध्येही मजकूर ओळखतात, पण ते विंडोजच्या भाषांवर अवलंबून आहे, आणि तिथे मराठी मिळत नाही. उताऱ्यावरचा कानडी शेरा असा उचलून भाषांतरात टाकला की पालकांना निदान विषय कळतो. नावं आणि आकडे मात्र डोळ्याने पडताळायचेच.

उद्यमबाग_हिशेबनीस

माझं मत मी बदललेलं नाही. ऑफिसात, जिथे कुणी एक माणूस सगळ्या मशीनची जबाबदारी घेतो, तिथे विंडोजचंच बरं. पण खानापूरकरांच्या काउंटरसारख्या ठिकाणी, जिथे आकडे, बाण, मराठी नावं रोज टाकायची आहेत, तिथे स्निपिंग टूल अपुरं पडतं हे मान्य करतो. फक्त एक करा. डाउनलोडची खरी लिंक गूगलवर सोडू नका, इथेच कुणीतरी पक्की तपासून लिहा. आणि ग्रीनशॉट टाकल्यावर विंडोजमधलं ‘प्रिंट स्क्रीनने स्निपिंग टूल उघडा’ हे बंद करायला सांगा, नाहीतर एकाच बटणावर दोघं धावून येतात आणि लोक टूललाच नावं ठेवतात.

काउंटरवाला_खानापूर

दोन्ही करतो. उताऱ्याचं चित्र आज रात्री नव्याने काढतो. काळी पट्टी, पीएनजी, आणि सर्वे नंबरच्या जागी कुणाचा खरा नंबर न ठेवता.

टिळकवाडी_बाई

सहाव्या आकड्याचा बाण जरा मोठा करा. सरनॉकच्या खान्यात नुसती चांदणी येते, आणि आमचे पालक तिथेच थांबून मला फोन करतात की इथे काही निवडायला नाहीच. शेजारी लिहा: ‘चांदणी दिसली तर चांदणीच निवडा.’