नळ आला, पाणी येतं, तरी पाणीपट्टी ४० टक्क्यांवर का अडकते?

सडा_आणि_पऱ्या (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातली एक ग्रामपंचायत आहे, नाव देत नाही. जलजीवन मिशनमधून योजना झाली: नदीकाठी विहीर, साडेसात एचपीचा पंप, सड्यावर (वरच्या कातळ पठारावर) ५० हजार लिटरची टाकी, चार वाड्या आणि २४० जोडण्या. पाणीपट्टी महिना १०० रुपये, वसुली ४० टक्के. वीजबिल थकतं, महावितरण जोडणी तोडतं, मग सगळं गाव पंचायतीला शिव्या घालतं.

हीच माणसं शिमग्याची आणि देवळाची वर्गणी न मागता आणून देतात. वरच्या वाडीने पऱ्यावरून (ओढ्यावरून) स्वतःची पाईपलाईन आणली आहे, तिथे एकही घर थकीत नाही. म्हणजे ऐपत नाही असं म्हणता येत नाही. सरकारने सोय दिली की लोक सरकारला आपलं मानतात, असं आपण धरून चालतो. मग इथे काय बिनसतं? आणि थकबाकीदारांचे दाखले अडवावेत असा ठराव येतोय, तो कितपत योग्य?

खाडीपल्याड

आधी हिशोब मांडू, मग राजकारण.

माणसं हजार धरा. माणशी ५५ लिटर म्हणजे ५५ हजार, गळती धरून ६५ हजार लिटर. उंची ८० मीटर आणि पाईपचं घर्षण मिळून ९० मीटर धरलं, तर तुमचा पंप तासाला साधारण १४ हजार लिटर चढवेल. रोज साडेचार तासांच्या वर थोडं, विजेचे ३० युनिट. सगळे आकार धरून युनिटला ८ रुपये पडले, तर महिन्याला ७,२०० रुपये (तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून खरा दर काढा). पाणी सोडणाऱ्याला ६,०००. टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीन पावडर) हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला १० किलो, ४०० रुपयांच्या आसपास. मोटर जळणं, व्हॉल्व्ह, पाईप यासाठी ३,००० बाजूला. एकूण १६,६००. शंभर रुपये दराने ७० टक्के वसुली झाली की जेमतेम भागतं. चाळीस टक्क्यांवर ९,६०० येतात आणि दर महिन्याला सात हजारांचा खड्डा पडतो. दर वाढवून हा खड्डा भरत नाही, उलट भरणारे कमी होतात.

कारण वीज तुटते तेव्हा भरणाऱ्याचाही नळ सुकतो. ज्याने बारा महिने पैसे दिले तो आणि ज्याने एकदाही दिले नाहीत तो, दोघे एकाच विहिरीवर कळशी घेऊन उभे. पुढच्या वर्षी पहिल्याने का भरावं?

आता ‘पाणी येतं’ हे जरा तपासून बघा. कुठल्या वाडीला येतं? टाकीच्या ३० मीटर खालच्या नळाला ३ किलो दाब मिळतो, ५ मीटर खालच्या नळाला अर्धा किलो. दोन्ही एकाच लाईनवर एकाच वेळी चालू असतील तर खालचा सगळं ओढून घेतो. त्यात खालच्यांनी नळालाच टिल्लू पंप (पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटरी) लावले की वरच्याच्या नळातून नुसती हवा येते. बऱ्याच गावांत हा वरचा म्हणजे बौद्धवाडी नाहीतर धनगरवाडी असते, आणि तिला तो पाईपचा दोष वाटत नाही. टाकीतून वाडीनिहाय आउटलेट (बाहेर जाणारे पाईप) वेगळे करा. ते जमत नसेल तर निदान वेळा वेगळ्या ठेवा: वरची वाडी पहिली, पाऊण तास, खालचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद. व्हॉल्व्हची चावी कुणाच्या घरी राहते हा तांत्रिक प्रश्न नाही, हे वेगळं सांगायला नको.

पंप बरोबर चालतो का हे टाकीवरून कळतं. रिकामी टाकी साडेतीन तासांत भरायला हवी. पाच लागत असतील तर फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाईपच्या टोकाची झडप) गळतोय, इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय किंवा रायझिंग मेनवर (पंपापासून टाकीपर्यंतच्या पाईपवर) कुणीतरी परस्पर जोडणी घेतली आहे. टाकी भरल्यावर रात्री सगळे आउटलेट बंद करून पातळीला खूण करा, दोन तासांनी बघा. उतरली तर गळती टाकीत किंवा व्हॉल्व्हमध्ये. न उतरता दिवसा पाणी संपत असेल तर वाडीतल्या लाईनी बघा. जांभ्यात चर खणायला खर्च येतो म्हणून ठेकेदार एचडीपीईची (प्लास्टिकची) पाईपलाईन कातळावर उघडीच टाकतो, मग वणव्यात किंवा भाजावळीत (शेत भाजताना) ती वितळते. मोजमाप पुस्तिकेत चराची खोली लिहिलेली असते, ताबा घेण्याआधी चार ठिकाणी खणून पडताळायची असते. योजना पावसाळ्यात हस्तांतरित करून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक वाडीच्या शेवटच्या नळाखाली बादली लावून, मगच सही.

कोकण_राज्यशास्त्र

वरच्या उत्तराला जोडून, कारण तुमचा मूळ प्रश्न अधिमान्यतेचा, म्हणजे लोक सत्तेला आपली मानतात का, याचा आहे.

सेवा पोहोचली की राज्यसंस्थेवरचा विश्वास वाढतो, हे गृहीतक जगभर तपासलं गेलंय. नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, युगांडा आणि काँगो या देशांत त्याच कुटुंबांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा जाऊन पाहण्या झाल्या. नुसती सेवा मिळाल्याने सरकारबद्दलचं मत सुधारतंच असं दिसलं नाही. तक्रार करायला जागा आहे का, आपल्याला विचारलं गेलं का, याचा परिणाम जास्त दिसला. आणि सेवेत बिघाड झाला की मत बिघडतं, हे मात्र नक्की.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तुमच्या गावाला लागू पडतं. १९८०च्या दशकात तिथल्या काळ्या वस्त्यांनी वर्णद्वेषी सरकारविरुद्ध भाडं आणि सेवाशुल्क न भरण्याचं आंदोलन केलं. १९९४ला स्वतःचं सरकार आलं, लोक आता भरतील म्हणून १९९५ला ‘मासाखाने’ ही बिलं भरण्याचं आवाहन करणारी मोहीम काढली. थकबाकी काही सुटली नाही. सरकार म्हणालं सवय लागली आहे, वस्त्या म्हणाल्या ऐपत नाही आणि सेवाही धड नाही. पुढे जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत आधी पैसे भरायचे पाण्याचे मीटर बसवले, तो वाद थेट संविधान न्यायालयात गेला आणि २००९ला निकाल पालिकेच्या बाजूने लागला. खटला जिंकला म्हणून वस्तीचा विश्वास मिळाला नाही.

उलट कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह बघा. १९९३ला शहराचं ७२ टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जात होतं. एक सोन चान (‘एक’ हे आडनाव) यांनी पाणीपुरवठा प्राधिकरण हाती घेतलं, मीटर बसवले आणि बड्या अधिकाऱ्यांच्या, लष्करातल्यांच्या जोडण्यासुद्धा तोडल्या. पुढच्या दीड दशकात तोटा ६-७ टक्क्यांच्या आसपास आला. तिथे लोकशाही फार होती असं कुणी म्हणणार नाही. पण आधी कुणाचा नळ तुटला ते लोकांनी पाहिलं.

आपल्याकडे गोंधळ टँकरने घातला आहे. टँकर कुणीतरी ‘आणून देतं’. त्याची फेरी, त्याचा फोटो, त्याचे आभार, सगळं माणसाच्या नावावर जमा होतं, पंचायतीच्या नाही. मग नळही तसाच कुणीतरी दिलेला वाटतो, आणि दिलेल्या वस्तूचं बिल आलं की माणूस चिडतो. पंचायतीचा पैसाही गावातून येत नाही. वित्त आयोगाचा निधी वरून येतो, २०२१ ते २६ या काळात ६० टक्के बंधित (ठरावीक कामांवरच खर्चायचा) आणि त्यातला अर्धा पाण्यासाठी. सरपंचाचे हेलपाटे पंचायत समितीकडे, ग्रामसभेकडे नाहीत. जिथून पैसा येतो तिथेच हिशोब दिला जातो.

गावकीचं मात्र फार कौतुक नको. तिची वर्गणी वेळेवर येते त्यात आपलेपणा आहे, तसा धाकही आहे. वाळीत टाकण्याची प्रकरणं सर्वांत जास्त गाजली ती रायगडात, आणि २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा काही उगाच आला नाही. पऱ्यावरच्या लाईनीकडून शिकायचं ते इतकंच: कुणी किती दिले आणि पैसे कुठे गेले हे तिथे दर घराला ठाऊक असतं, आणि पाईप फुटला तर कुणाला हाक मारायची हेही.

नमुना_नऊ

दाखल्यांबद्दल थोडक्यात. जन्म, मृत्यू, विवाह नोंदीचे दाखले २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यातल्या अधिसूचित सेवांमध्ये आहेत. पाणीपट्टी थकली म्हणून जन्माचा दाखला अडवला तर अपिलात पंचायत हरेल, आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याला (दाखला देण्याची जबाबदारी असलेल्याला) ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र थकबाकीदाराला देऊ नका, तो त्यासाठीच आहे.

रीतसर रस्ता आहे. नमुना ९ वर (कर मागणी नोंदवहीत) मागणी अद्ययावत करा, नमुना ९क ची बिलं पोचसही घेऊन द्या, न भरल्यास ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२९ खाली मागणीचा लेख (वसुलीची नोटीस). त्यानंतर लोक अदालतीत दाखलपूर्व (खटला भरण्याआधीची) प्रकरणं ठेवता येतात, बरेच जण तिथेच भरून टाकतात.

आणि पहिलं बिल सदस्यांना. त्याच कायद्याच्या कलम १४(१)(ह) प्रमाणे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. बहुतेक पंचायती सदस्यांना बिल बजावतच नाहीत. का, ते तुम्हीच समजा.

सडा_आणि_पऱ्या

आभार. चाकरमान्यांचं काय करायचं? २४० पैकी ७०-८० घरं बंद असतात. ते म्हणतात, पाणी वापरतच नाही तर दहा महिन्यांचे पैसे का? गावातले म्हणतात, मे महिन्यात सगळं पाणी हेच संपवतात.

खाडीपल्याड

दोघांचं बरोबर आहे, म्हणून दर दोन भागांत तोडा. पाणी सोडणाऱ्याचा पगार, दुरुस्ती, टीसीएल हा खर्च नळ उघडला न उघडला तरी होतो. वरच्या हिशोबात तो ९,४००, म्हणजे जोडणीमागे ४० रुपये. तो बंद घरालाही बाराही महिने. उरलेले ६० विजेचे, ते राहत्या घराला, आणि बंद घर ज्या महिन्यात उघडेल त्या महिन्यात त्यालाही. नक्की आकडा वसुलीचा अंदाज धरून ग्रामसभेत ठरवा. बंद घरांचं वर्षाचं ४८० रुपयांचं बिल गणपतीत हातात द्या, तेव्हा मुंबईचं मंडळ झाडून गावात असतं.

मे महिन्याचं गणित वेगळंच. माणसं १,६०० झाली की गळतीसकट लाखभर लिटर लागतं, म्हणजे पंप सात तासांवर, तेव्हाच विहिरीची पातळी तळाला आणि व्होल्टेज कमी. सलग सात तास चालवला तर विहीर उपसून पंप कोरडा फिरतो आणि मोटर जळते. पहाटे साडेतीन तास, मग पाणी भरू द्यायचं, संध्याकाळी साडेतीन. ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की पंप बंद करणारं यंत्र) बसवा, मोटर पुन्हा भरून घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. आंब्याच्या कलमांना आणि माडांना नळाचं पाणी १ एप्रिल ते १५ जून बंद, असा ठराव मार्चमध्येच करा. मेमध्ये केलेला ठराव कुणावर तरी रोखलेला वाटतो.

पावसाळ्यात टीसीएल दमट होऊन मरतं. २० टक्क्यांखाली क्लोरीन असलेली पावडर वापरायची नाही, म्हणून दोन महिन्यांच्या वर साठा करू नका. शेवटच्या नळाला ओटी तपासणीत (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजणारी चाचणी) लिटरला ०.२ मिलिग्रॅम यायला हवं. तेही टाकीखालच्या फळ्यावर लिहा: आज कुठल्या वाडीला किती ते किती, मीटरचं रीडिंग, मागच्या महिन्याचं वीजबिल, जमा किती. थकबाकीदारांची नावं लिहायची घाई करू नका, लिहिलीत तर सदस्यांपासून सुरुवात.

नमुना_नऊ

पाणीपुरवठ्याचं बँक खातं आणि रोखवही वेगळी ठेवा. घरपट्टीत मिसळलं की तो फळा कुणी खरा मानणार नाही.