चष्मेवाल्यांनी रेंजफाइंडर कोणता घ्यावा? ३५ ची फ्रेम पूर्ण दिसत नाहीये

सोलापूरकर३५: नमस्कार मंडळी. मला उणे साडेचारचा नंबर आहे, शिवाय सिलिंडरचाही. मित्राचा लायका एम६ (फिल्मचा रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधनं नाही तर वेगळ्या खिडकीतनं, फाइंडरमधनं, बघायचा कॅमेरा) हातात घेऊन बघितला, कॅमेरा लई आवडला, पण चष्म्यातनं ३५ मिलिमीटर लेन्सच्या फ्रेमच्या (फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या फाइंडरमधल्या रेषांच्या) कडा दिसायला डोळा इकडं तिकडं फिरवावा लागतो आणि २८ ची तर विचारूच नका. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढायचेत, काठी पेलणारा बाराबंदीतला माणूस आणि मागची गर्दी दोन्ही एका फ्रेममध्ये पाहिजेत. बॉडी कोणती, लेन्स कोणती? सेकंडहँड चालेल.

जुनीकाच: आधी लेन्स ठरवा मग बॉडी, उलटं केलं की पैसे जातात. सगळा खेळ फाइंडरच्या मॅग्निफिकेशनचा, म्हणजे त्यात चित्र किती मोठं दिसतं त्याचा आहे. एम३ चं ०.९१, चित्र मोठं आणि फोकसला झकास, पण त्यात ३५ ची फ्रेमच नाही, तो ५० वाल्यांचा कॅमेरा. तुम्ही बघितलेला एम६ बहुतेक ०.७२ चा, त्यात चष्म्यासकट ५० आरामात दिसते, ३५ कशीबशी. एम६ टीटीएल ०.५८ मध्येही निघाला होता, तो मिळाला तर ३५ पूर्ण दिसेल. फक्त चित्र लहान होतं म्हणून फोकसची अचूकता कमी होते, रेंजफाइंडरचा बेस (फोकससाठीच्या दोन खिडक्यांमधलं अंतर) ६९ मिलिमीटरच्या आसपास, त्याला ०.५८ ने गुणलं की ४० राहतो, एम३ ला ६३ पडतो. ३५ एफ२ ला ४० भरपूर झाले हो, ९० ची लेन्स अपर्चर पूर्ण उघडून वापरायची असेल तरच अडचण.

फिल्मवेडी: लायकाच कशाला? फॉइग्टलेंडरचा बेसा आर४एम बघा की, ०.५२ चा फाइंडर, २१ पासून ५० पर्यंत फ्रेमा, चष्म्यातनं ३५ मोकळी दिसते. बेस लहान आहे त्यामुळं लांब लेन्स विसरा. माउंट लायकाचाच, त्यामुळं लेन्स पुढंही कामाला येईल. झाइस इकॉन ०.७४ चा असूनही फाइंडर मोठा आणि मोकळा, पण दोन्ही आता बनत नाहीत, जुनेच शोधावे लागतील.

जुनीकाच: आर४एम चांगला पर्याय आहे, मान्य.

नवीपेठ_चष्मा: एक राहिलं. आयपीसला (डोळा लावायच्या काचेला) डायॉप्टरची, म्हणजे नंबरची, काच लावून चष्मा काढायचा सल्ला कुणीतरी देईलच, पण त्या काचेनं सिलिंडरचा नंबर जात नाही, आणि कॅमेरा खाली घेतला की समोरची माणसं धूसर. मिरवणुकीत चष्मा काढघाल कोण करणार? त्यापेक्षा चष्मेवाल्याकडं जाऊन नाकावरचे पॅड थोडे दाबून घ्या, काच डोळ्याच्या जितकी जवळ तितकी फ्रेम जास्त दिसते, मोठ्या काचांची फॅशनेबल फ्रेम असेल तर यासाठी एक लहान करून घ्या. चाळिशीवाले प्रोग्रेसिव्ह घालत असतील तर काचेच्या वरच्या भागातनं बघा, खालनं बघितलं की पॅच (फाइंडरमधला फोकस जुळवायचा लहान चौकोन) पुसट दिसतो. जुन्या एम२, एम३ च्या आयपीसला धातूची कडा असते, काचेवर ओरखडे पडतात, बारीक रबरी रिंग चिकटवा.

उन्हातला_सावळा: कडांची एवढी काळजी नको. एम६ च्या फ्रेमलाइन जवळच्या अंतरासाठी आखलेल्या आहेत, लांबच्या गोष्टीला फिल्मवर फ्रेमपेक्षा जास्तच येतं. शिवाय आपल्या सोलापूरच्या दुपारच्या उन्हात ४०० फिल्मवर एफ८ सहज मिळतो, ३५ ची लेन्स पाच मीटरवर ठेवली की साधारण अडीच मीटरपासून पुढचं सगळं शार्प, पॅच बघायचीच गरज नाही. हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत) ३५ चा वेगळा फाइंडर बसवला की फ्रेमिंगही सुटतं. फक्त काठी जवळ आली की तो फाइंडर थोडा वरनं बघतो, तेवढी जागा सोडा.

सोलापूरकर३५: सगळ्यांचे आभार. लेन्स ३५ एफ२ पक्की. आधी मित्राच्याच एम६ वर वेगळा फाइंडर लावून बघतो आणि पॅड दाबून घेतो, नाहीच जमलं तर आर४एम. कुणाकडं ३५ चा हॉटशू फाइंडर विकायला असेल तर मेसेज करा, पुण्याचा असला तरी येऊन घेईन.